तांत सेसिलची सुनावणी

"आता त्यातलं एक पान मोठ्यानं वाचा," तांत सेसिल फोनवर म्हणाली.

"मोठ्यानं? कशाला?" पलीकडून मिसेस हॅडली गुरकावल्या. "तक्रार लिहून दिलीय की मी."

"ती वाचली. आता मला ऐकायचंय."

मी तिच्या स्वयंपाकघरात शेगडीजवळ लाकडं रचत होतो. हातातला ओंडका तसाच धरून थांबलो. आमच्या खोऱ्यात, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या अगदी उत्तर टोकाला, सगळे तिला तांत, म्हणजे फ्रेंचमध्ये मावशीच म्हणत. फोनवर तिसरी होती शॅरन. तिकडे कॅनडात, सस्कॅचवानमध्ये घरी बसून ती लोकांची ध्वनिमुद्रणं ऐकून लिहून द्यायची. अंथरुणाला खिळलेली आई सोडून बाहेर कामाला जाणं तिला शक्य नव्हतं.

मिसेस हॅडलींचे वडील वारले होते. त्यांच्या आठवणींच्या फिती शॅरननं लिहून काढल्या, त्या जशाच्या तशा: अर्धी वाक्यं, बिघडलेलं व्याकरण, मधला खोकलासुद्धा. 'माझे वडील अडाणी वाटतात' अशी बाईंची तक्रार होती. ती मान्य झाली असती, तर आम्हाला घरबसल्या कामं मिळवून देणाऱ्या साइटवरचं शॅरनचं खातं बंद.

बाई वाचू लागल्या, घाईघाईनं, चिडून. "'गाय... गाय नव्हे गं, कालवड होती ती. थांब, सांगतो तुला...'"

पुढचं वाक्य आलंच नाही.

"असंच म्हणायचे ते," शेवटी बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पार उतरला होता. "काहीही सांगायचं झालं की आधी, थांब, सांगतो तुला."

"शॅरन," तांत सेसिल वळली ती तिच्याकडे, "कसं लिहून हवंय, हे आधी विचारलं होतंस?"

"नाही, तांत."

"विचारायला हवं होतंस."

"हो. चुकलंच."

तक्रार मागे घेतली गेली. नातेवाइकांना वाटायला आणखी एक, नीटनेटकी प्रत शॅरननं करून द्यायची आणि तिचा निम्मा मोबदला बाईंनी द्यायचा असं ठरलं. फोन ठेवून तांत सेसिल मला म्हणाली, "बघतोस काय रे? ते लाकूड ठेव खाली, हात दुखेल."

ते साइटचे चांगले दिवस होते. गॉर्डन नावाच्या माणसानं ती सुरू केली तेव्हाच नियम घातला होता: दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय कुणाचं खातं बंद करायचं नाही, आणि ऐकणारा काम करणाऱ्यांपैकीच एक हवा. तांत सेसिल तरुणपणी आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. पुढे तीही या साइटवर लिहून देण्याची कामं घेऊ लागली. "अर्ध्या खोऱ्याची भांडणं तुझ्या कानांवरून गेलीत, तूच ऐक," असं म्हणून गॉर्डननं तिला बसवलं. मी घरांचे आराखडे काढून द्यायचो. बटाटे काढायच्या हंगामात आम्ही खोऱ्यातले लोक कामं घेत नाही, हे टेक्ससच्या गिऱ्हाइकांनाही माहीत झालं होतं. कुणी आजारी पडलं, तर त्याचं काम दुसरा पुरं करायचा आणि नाव मात्र त्याचंच लावायचा.

मग गॉर्डनची तब्येत ढासळली. त्यानं साइट विकली. नव्या मालकांनी तांत सेसिलला आभाराचं पत्र पाठवलं. यापुढे तक्रारी यंत्रच निकाली काढणार होतं.

पुढच्याच हिवाळ्यात तिचं स्वतःचं खातं बंद झालं. पानं कोरी पाठवली, अशी कुणीतरी तक्रार केली होती. मूळ ध्वनिमुद्रणच तिथे मुकं होतं. तिनं तसं सविस्तर लिहिलं आणि बटण दाबलं. लगेच उत्तर आलं: आपलं म्हणणं तपासलं, निर्णय कायम आहे.

"तपासलं म्हणे," ती म्हणाली. "माझा चष्मासुद्धा अजून नाकावरून उतरला नव्हता."

मी तावातावानं बोलू लागलो. तिनं मला हातानंच थांबवलं.

"काम गेलं त्याचं एवढं नाही रे. पण काय झालं, असं कुणी विचारलंच नाही."

त्यानंतर बरेच दिवस फोन वाजला की ती पटकन उठायची. बहुतेक वेळा तो माझाच असायचा.

वसंतात शॅरनचा फोन आला. ती आणि जुन्यांपैकी काही जण मिळून स्वतःची छोटी साइट काढत होते. सगळे मालक, सगळे कामगार. "सुनावणीला बसाल ना, तांत?"

"ऐकायला कमी येतं गं आता."

"आम्ही मोठ्यानं बोलू."

तिथं काम अजून बेताचंच येतं. मी अर्धी कामं नव्या मालकांकडूनच घेतो, नाही घेतली तर घर चालणार नाही. पण पहिली सुनावणी झाली त्या सकाळी मी तिच्याकडेच होतो. ती कुट्टूच्या पिठाची धिरडी घालत होती.

"दोघंही फोनवर आहेत," शॅरन म्हणाली. "आधी कुणाला बोलू देऊ?"

"जो जास्त घाबरलाय त्याला."

तिनं शेगडीवरचा तवा बाजूला सरकवला. पिठाचा हात तसाच अधांतरी ठेवून दुसऱ्या हातानं फोन बऱ्या कानाला लावला, आणि खुर्चीत ताठ बसली.