धर्मानं तोंडाला बिलंबी लावली

ताराबाईनं माहेराहून, वसईकडून, बिलंबीचं रोप आणून मुरबाडजवळच्या आपल्या परसात लावलं. झाड फळाला आलं तेव्हा नवरा कुंडलिक म्हणाला, "खोडाला काकड्या लागल्यात गो तुझ्या!" बोटाएवढी हिरवी फळं खरंच बुंध्याला लगडली होती, आणि चिंचेहून आंबट. ताराबाई ती सुकटीत घालायची, मिठात मुरवायची, खोकल्याला गुळात रस आटवून द्यायची, उरलेल्या रसानं पितळी भांडी लख्ख करायची. कुंडलिक हळूहळू हसायचा थांबला आणि सुकट दुसऱ्यांदा मागून घ्यायला लागला.

एकसष्ट सालच्या चैत्रात धाकट्या दिराला, धर्माला, तानशाकडची मुलगी बघायला जायचं ठरलं. त्याच्या गालांवर मुरुमं होती.

"भावजी, बिलंबीचा रस लावा, घटकाभरानं धुवा. आमच्याकडं गोरं व्हायला नवऱ्या लावतात."

"मी काय नवरी हाय, वयनी?" म्हणत धर्मा तावातावानं निघून गेला. मग गुपचूप चार फळं चुरून त्यानं रस तोंडाला चोपडला आणि गुण जास्त यावा म्हणून दुपारभर तसाच उन्हात काम करत राहिला. संध्याकाळी तोंड लालबुंद.

"अहो, भांड्याला न् तोंडाला एकच माप नसतं!" खोबरेल चोळताना ताराबाईला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या घरी तिच्या आत्यानं विचारलंच, "पाव्हण्यांना पित्त उठलंय का?"

"ऊन लागलंय," कुंडलिक घाईनं म्हणाला.

"नाय," धर्मा मान खाली घालून म्हणाला, "गोरं व्हायला बिलंबी लावली."

चहा घेऊन आलेल्या मुलीनं, चंदानं, कपबशा खाली ठेवल्या. "मंग? झालात का गोरे?"

बापानं डोळे वटारले. धर्मा म्हणाला, "नाय. पण सुकटीत झ्याक लागते."

चार दिवसांनी होकार आला. चंदानं बापाला सांगितलं होतं, "खोटं बोलाय जमत नाय त्यांना. तेच बरं."

वैशाखात लग्न लागलं. हळद उतरायच्या आतच चंदा झाडाखाली बसून मीठ लावून बिलंब्या खाताना दिसली. ताराबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय गो चंदे? एवढ्यातच आंबट?"

"जाऊबाय, परवा तर आले मी! आवडतं म्हणून खाते."

पण तोवर कुंडलिकनं ओटीवर धर्माची पाठ थोपटलीसुद्धा होती, आणि धर्मा पुन्हा लालबुंद होऊन बसला होता.