गनमेटलचं कडं

ज्योतीराम स्कॅन सेंटरमध्ये शिरला तो भांडायच्या तयारीनंच. डाव्या पायातली चप्पल रिक्षात राहिली होती आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. रिक्षावाला चप्पल हातात घेऊन मागून धावत आला, "ओ काका, चप्पल!" तेव्हा ज्योतीरामनं आपल्या अनवाणी पायाकडं असं पाहिलं, जसा काही तो शेजाऱ्याचा पाय आहे.

काउंटरमागून मोनिकानं हे पाहिलं. मोशीच्या या सेंटरात एमआरआयचं मशीन तीच चालवायची, आणि ज्योतीराम तिचा बाप. कमरेत नस दबली होती, पाय बधिर होत चालला होता. सर्जन म्हणाले होते, आज स्कॅन करून आणा, उद्या सकाळी ऑपरेशनला घेतो. पुढं ढकललंत तर पायाची हमी माझ्याकडं मागू नका.

गाऊन चढला. घड्याळ, चष्मा, करदोडा सगळं निघालं. उभा जन्म ग्राइंडरपुढं गेलेला माणूस, डोळ्यात लोखंडाचा कण नको म्हणून डोळ्यांचा एक्स-रे सकाळीच काढून झाला होता. राहिलं एक. डाव्या मनगटावरचं कडं.

"हे कापावं लागेल, पप्पा."

"हात लावून बघ."

कडं गनमेटलचं होतं, पितळेचा चुलतभाऊ म्हणा. भोसरीतली कंपनी बंद झाली त्या दिवशी टूलरूमच्या माणसांनी शेवटच्या बुशातून, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या जाड नळीतून, लेथवर कडी उतरवली, प्रत्येकाचे दोन अर्धे करून एकमेकांच्या मनगटावर रिव्हेटनं जोडली आणि गेटवर उभं राहून शब्द दिला: गेट उघडेपर्यंत काढायचं नाही. पुढं गेटच राहिलं नाही. तिथं आता उंच इमारती आहेत आणि लेथ होते तिथं पोहायचा तलाव. बाकीच्यांची कडी केव्हाच गेली. ज्योतीरामचं राहिलं. मोनिकाची आई सोजराबाई होती तोवर या कड्यावरून भाकरी थापता थापता नवऱ्याला चिमटे काढायची:

सवत माझी पिवळी, बसे धन्याच्या हातात
कामाची ना धामाची, जागा मागे अंथरुणात

ज्योतीराम हसायचा, कडं मात्र हलायचं नाही.

आताही त्यानं पुरावा बरोबरच आणला होता. पिशवीतून पेनासारखी काडी काढली, टोकाला बारकं चुंबक. टूलरूममध्ये खाली पडलेला स्क्रू उचलायची ती काडी. त्यानं ती कड्याला लावली, सोडली. काडी टपकन काउंटरवर पडली.

"चिकटलं का? नाही ना? मग तुझं मशीन याला काय ओढणार?"

सेंटरचा मालक जयदीप शेठ दारातच उभा होता. जुन्या गाववाल्यांतला माणूस. उरलेल्या मळ्यावर पेट्रोल पंप झाला, पंपाशेजारी हे सेंटर. बाहेर चाकणहून आलेले दोन पेशंट ताटकळत होते.

"बरोबर बोलत्यात की काका," तो म्हणाला. "चिकटत न्हाई तर जाऊ दे ना आत. मोनिका, उगं येळ कशाला घालवतीस?"

"शेठ, ओढायचा प्रश्न नाही. तापायचा आहे."

"आन् काका, तुमी बी काय धरून बसलाय? त्या कंपनीत आमच्या आज्याचा मळा गेला. गेट उघडणार असतं तर पयला आमी नसतो का उघडलं?"

"तुमचा मळा गेला, तुम्हाला पंप मिळाला," ज्योतीराम म्हणाला. "माझ्याकडं एवढंच उरलंय. ते मी देत नसतो."

शेठचा चेहरा पडला. "बरं. मग हिला बाजूला करतो. सिद्धेशला बोलावतो संध्याकाळच्या शिफ्टचा, तो करील गपगुमान."

मोनिका उठली आणि मशीनच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. आवाज चढला नाही तिचा, उलट खाली गेला.

"शेठ, मशीन तुमचं आहे. पण हे कडं घालून या दारातून कुणी आत जाणार नाही. सिद्धेशला बोलवा, त्याच्या सरांना बोलवा. मी इथंच उभी आहे."

"सोताच्या बापाचं स्कॅन आडवतीस तू! पाय जाईल त्यांचा!"

हे तिला लागलं. पाय जाईल हे तिच्याएवढं त्या खोलीत कुणाला कळत होतं? पण शिकत असताना तिनं दुसऱ्या एका सेंटरात मशीनमधला एक तरुण पाहिला होता. मांडीला मांडी चिकटून झोपवलेला. आतून ओरडत होता, गरम होतंय. त्याला माईकवरून सांगितलं गेलं, दोन मिनिटं सहन करा. बाहेर आला तेव्हा दोन्ही मांड्यांवर समोरासमोर रुपयाएवढे फोड. आणि त्याला निदान ओरडता तरी आलं. तिच्या बापाच्या पायाला तर रिक्षात सुटलेली चप्पलही कळली नव्हती.

ती बापाकडं वळली.

"पप्पा, बेअरिंग शाफ्टवर चढवायच्या आधी तापवायचात ना? कशावर?"

"इंडक्शन हीटरवर." ज्योतीरामनं सवयीनं सांगितलं.

"खाली जाळ असायचा?"

"जाळ कसला? नुसतं हीटरवर ठेवायचं, बटण दाबायचं. रिंग आपोआप..."

त्याची नजर कड्यावर गेली.

"पितळेची रिंग ठेवली तर?"

"तीही तापते," ज्योतीराम पुटपुटला.

"चुंबक ओढतं ते वेगळं, पप्पा. फोटो काढायला मशीन आत लहरी सोडतं, त्या तापवतात. अंगालासुद्धा थोडं. म्हणून मी वजन विचारते, ताप आहे का विचारते, आणि बेतानं चालवते. त्यात मनगटावर बंद कडं, अंगाला टेकलेलं. त्याला लोखंड असायची गरज नाही. गोल असलं की पुरे."

ज्योतीरामनं कडं एकदा मनगटावर फिरवून पाहिलं. मग मान वर केली ती तशीच ताठ.

"कापू देणार नाही."

"पप्पा!"

"ऐक तर. असले रिव्हेट मी मारलेत, मीच उडवीन. कानस आण. आणि रिव्हेट ठोकून काढायला पंच."

बाहेर रस्त्याला लागून खंडूचं फॅब्रिकेशनचं दुकान. मोनिकानं स्वतः जाऊन कानस, पंच आणि हातोडी आणली. पार्किंगमध्ये सिमेंटच्या कठड्यावर ज्योतीरामनं हात ठेवला, कड्याखाली चामड्याची पट्टी सरकवली आणि उजव्या हातानं कानस चालवायला लागला. खर्र, खर्र. धरायला दुसरा हात नव्हता, कडं गरगर फिरत होतं.

"धर की कुणीतरी!" तो खेकसला.

मोनिकानं मनगट धरलं. कडं धरायला पक्कड घेऊन पुढं आला तो जयदीप शेठ, तोंडानं पुटपुटत, "काय एकेक माणसं राव!" पिवळी भुकटी कठड्यावर सांडत होती. रिव्हेटचं डोकं सपाट झालं, पंच बसला, एक ठोका पडला. मग दुसरा रिव्हेट. कडं उघडलं तेव्हा खालची कातडी पांढरीफटक, तान्ह्या बाळासारखी निघाली. मोनिकानं तिच्यावर अंगठा ठेवला आणि ज्योतीरामनं तो ठेवू दिला.

मग भुकटी आत जाऊ नये म्हणून त्याला साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले, गाऊन बदलला आणि आत टेबलावर झोपवलं. दोन्ही मांड्यांमध्ये जाड गादी, पोटऱ्यांमध्ये गादी, दंड आणि मशीनची भिंत यांच्यामध्ये गादी. फोटो टिपणाऱ्या कॉइलची वायर अंगाला लागू दिली नाही.

"हात छातीवर जोडायचे नाहीत. पाय एकावर एक टाकायचे नाहीत. कातडीला कातडी लागली की अंगाचंच कडं होतं."

"वंदना म्हटली तर चालेल का?"

"मनात म्हणा. हात न जोडता." तिनं त्याच्या मुठीत रबरी फुगा दिला. "कुठंही गरम वाटलं, नुसतं कोमट वाटलं तरी हे दाबा. सहन करायचं नाही."

"सहन करायची सवय आहे मला."

"तीच मोडायची आहे."

खडखडाट सुरू झाला. मोनिका काचेपलीकडं बसली, मशीन सर्वांत सौम्य पातळीवर, दोन फेऱ्यांमध्ये अंग निवायला मधे थांबत. शेठ मागं येरझाऱ्या घालत होता. पडद्यावर बापाच्या कण्याचे मणके एकेक उमटायला लागले. निम्मं झालं असेल नसेल, आणि फुग्याची घंटा कर्कश वाजली.

"आरं, आता काय!" शेठ ओरडला. "चालू ठेव, थोडंच राह्यलंय!"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मोनिकानं मशीन बंद केलं होतं. अर्धी फेरी पुसली गेली. ती दार ढकलून धावत आत गेली, टेबल बाहेर ओढलं, बापाचे हात, कोपरं, मांड्या चाचपल्या.

"कुठं? कुठं तापलं?"

ज्योतीराम छताकडं बघत होता.

"कुठंच नाही."

"मग दाबलं कशाला?"

"आम्ही गेटवर इतकं ओरडलो," तो म्हणाला, "एक मशीन थांबलं नाही कुणासाठी. म्हटलं, बघावं, माझ्या पोरीचं थांबतं का."

मोनिकाच्या ओठांवर शिवी आली होती, ती तिनं गिळली. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. ती सरकलेली गादी पुन्हा मांड्यांमध्ये बसवत होती.

"आता ती फेरी परत पहिल्यापासून," ती म्हणाली.

"कर. वेळ लागू दे," ज्योतीराम म्हणाला आणि काचेपलीकडच्या शेठकडं मान वळवून मोठ्यानं बोलला, "पोरीला कुणी घाई करायची नाही!"