अबोलीसाठी टाळ्या

दादांनी उभं राहायला सांगितलं तेव्हा अबोलीला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. गळ्यातला हेडफोन काढून तिने मांडीवर घेतला होता, तो हातात धरूनच ती उठली. दर सोमवारी सगळे आपापल्या खुर्च्या ढकलत मजल्याच्या मधल्या मोकळ्या जागेत जमायचे आणि दादा कॉफीचा कप घेऊन बोलायला उभे राहायचे. चूक झाली की ते नाव घेत नसत, नुसतं बघत. आज त्यांनी नाव घेतलं होतं.

"आपल्या या बहिणीचं गेल्या आठवड्यात बाळ गेलं," दादा म्हणाले. "पाचवा महिना होता. आणि आज ती इथे आहे, आपल्यात. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मी याला कंपनी म्हणत नाही. याला मी घर म्हणतो."

मग मागून एकाने टाळी वाजवली आणि बघता बघता सगळा मजला टाळ्या वाजवू लागला. एकाने शिट्टीही मारली. अबोली इकडेतिकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण ते फोनवर चिडलेल्या गिऱ्हाईकाशी बोलताना यायचं तसलं होतं. सवयीचं.

शेवटच्या रांगेत बसलेल्या थोरलीचे हात मांडीवरून उठले नाहीत. ही बातमी दादांना तिनेच सांगितली होती.

थोरली तक्रार विभागाची प्रमुख. घरचा नळ, पंखा, कपाटाचं दार, काहीही बिघडलं की फोनवरून कारागीर पाठवणारी ही कंपनी एका टायरच्या दुकानावरच्या खोलीत सुरू झाली, तेव्हापासून ती तिथे होती. तेव्हा आलेला प्रत्येक फोन तीच उचलायची. खुर्च्या मोडक्या होत्या. तिचा नवरा चष्म्याच्या काचा घासायचं काम करायचा, तो रविवारी येऊन खुर्च्यांना खिळे ठोकून द्यायचा. मालक तिच्या डब्यातलं खायचा. तो तिच्याहून वयाने लहान, तरी त्याला सगळ्यांनी दादा म्हणायचं ठरलं, कारण इथे साहेब कुणी नाही, असं त्यानेच सांगितलं होतं. मग ती ओघानेच थोरली झाली. सुरुवातीला ती त्याला अरेतुरे करायची. खोलीचा मजला झाला, मजल्याची इमारत झाली, आणि मध्येच कधीतरी ती अहोजाहोवर आली. कधी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

अबोलीला ते नाव मुलींनी थट्टेने दिलं होतं. दिवसभर फोनवर बोलणारी ही बाई हेडफोन काढला की तोंड उघडायची नाही. तिला दिवस गेल्याचंही तिने फक्त थोरलीला सांगितलं होतं, तेही बाथरूमला जायला वारंवार उठावं लागतं म्हणून. आणि सगळं संपलं तेव्हा दवाखान्यातून तिने फोन केला तो थोरलीलाच. मला थोडे दिवस द्या, एवढंच ती म्हणाली. थोरली तडक दादांच्या खोलीत गेली. नुसती रजा मागितली असती तर मॅनेजरने कारण विचारलं असतं, कागद मागितले असते. ते टाळावं म्हणून तिने दार लावून दादांना खरं ते सांगितलं आणि हे तुमच्याजवळच ठेवा, असंही सांगितलं. दादांचे डोळे भरून आले होते. पाहिजे तितके दिवस घेऊ दे तिला, ते म्हणाले होते.

तिला कुणी बोलावलं नव्हतं, हेही शब्दशः खरंच होतं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येकाचा फोटो असायचा; जो आला नाही त्याचा फोटो करडा व्हायचा आणि त्याच्या वाटचे फोन बाकीच्यांत वाटले जायचे. ग्रुपवर मुली अबोलीला लिहीत होत्या, काळजी घे, तुझे फोन आम्ही घेतोय, आणि पुढे एक हसरा चेहरा. रोज तेच. शेवटी ती आली.

मीटिंग मोडल्यावर थोरली तिच्यामागोमाग बाथरूममध्ये गेली. अबोली नळ सोडून उभी होती, पण हात धूत नव्हती.

"ताई, तुम्ही सांगितलंत?"

"तुझ्या रजेसाठी सांगितलं गं. दुसरं काही मनात नव्हतं."

"माझ्या माहेरी अजून माहीत नाही," अबोली म्हणाली. "आईचं हृदयाचं दुखणं आहे. हळूहळू सांगणार होते." तिने नळ बंद केला. "इथे माझ्या लांबच्या दिराचा मुलगा हिशेबाला आहे. आज घरी जाऊन सांगेल तो, आणि उद्या आईपर्यंत पोचेल."

थोरलीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर तिने तो हळूच बाजूला केला. झटकला नाही. झटकला असता तर बरं वाटलं असतं, असं थोरलीला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात आनंद विभागाची प्रमुख थोरलीच्या टेबलाशी आली. हा विभाग नवीनच निघाला होता. कर्मचारी आनंदात आहेत की नाहीत हे बघणं त्याचं काम, आणि आनंदात नसलेला माणूस सापडला की त्याच्याशी या बाईंची एक बैठक व्हायची. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि गोड आवाजात सांगितलं, की वार्षिक समारंभाला पैसे गुंतवणारी मोठी माणसं येणार आहेत, त्यांना दाखवायला अबोलीवर एक छोटी फिल्म करायची आहे. अगदी सन्मानाने, मागे मंद संगीत वगैरे. ती तुमचं ऐकते, तुम्ही तयार करा तिला. थोरलीने विचारलं, ती नको म्हणाली तर? बाई हसल्या. नको कशाला म्हणेल, तिचं कौतुकच आहे की.

अबोली नको म्हणाली. एकच शब्द, आणि लगेच पुढचा फोन घेतला.

थोरली दादांकडे गेली. पूर्वी ती दार ढकलून आत शिरायची, आता बाहेर बसून राहावं लागलं. दादांनी उठून तिला बसवलं, नवऱ्याची चौकशी केली. मग ती बोलत असताना ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"अगं, वाईट काय केलं मी? चारचौघांत मान दिला तिला. बाहेर कुठल्या कंपनीत देतात?"

"तिने मान मागितला नव्हता. झोपून राहायला मागितलं होतं."

"मग राहायचं होतं. मी नाही म्हणालो का?"

"तुम्ही ते पोरींवर सोडलंत," थोरली म्हणाली. "रोज सकाळी पडद्यावर तिचं तोंड करडं करून दाखवलंत आणि वाट बघितलीत. आणि मी विश्वासाने सांगितलेलं लाउडस्पीकरवर वाजवलंत. घरात असं करत नाहीत, दादा. घरात दार लावून घेतात."

दादांनी खिडकीवरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. तिला वाटलं, लागलं कुठेतरी. मग ते म्हणाले, "तू दमलीयस. किती वर्षं एकटी ओढतेयस हे सगळं. आता जरा मागे बस."

ती मागे बसली. म्हणजे तिला बसवलं. तक्रार विभाग एका तरण्या मॅनेजरकडे गेला आणि तिला 'संस्कृती सल्लागार' असं पद मिळालं. टेबल झेरॉक्सच्या मशीनशेजारी. सल्ला विचारायला कुणी येत नसे. कागद अडकला की तेवढे येत. पूर्वी तिच्या डब्यासाठी भांडणारी माणसं आता घाईघाईने फोनमध्ये बघत जात. नवरा म्हणाला, सोड ना, माझं भागतंय की. ती म्हणाली, अबोलीची फिल्म होऊ द्यायची नाही, तेवढं बघते आणि सोडते.

समारंभ एका हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये, भर दुपारी होता. सगळ्यांना एकसारखे निळे टी-शर्ट दिले होते. दिवे मालवले आणि पडद्यावर एक बाई आली. कुणीतरी नटी असावी. उजळ, हसतमुख, फुगलेल्या पोटावर हात ठेवून हेडफोन लावणारी. पुढच्या दृश्यात दवाखान्याची खिडकी, तिच्या गालावर एक थेंब. त्याच्या पुढच्या दृश्यात ती ऑफिसच्या दारातून आत येते आणि सगळे उठून तिला मिठी मारतात. खाली अक्षरं उमटली: एका सत्य घटनेवर आधारित. अबोलीने नको म्हटलं होतं, तर त्यांनी अबोलीच बदलली होती.

पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी डोळे टिपले. हॉलभर टाळ्या झाल्या. आणि अर्ध्या माना, नकळत का होईना, अबोलीच्या खुर्चीकडे वळल्या. खुर्ची रिकामी होती.

तेवढ्यात थोरलीचं नाव पुकारलं गेलं. सर्वांत जुनी कर्मचारी म्हणून तिचा सत्कार होता. व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना तिने ठरवलं होतं, माइकवर सगळं बोलायचं: ही गोष्ट कुणाची, ती नको म्हणाली होती, तुम्ही रडलात ते कशावर रडलात. माइक हातात आला. दादांनी तिच्या खांद्यावर हात टाकला. समोर निळ्या टी-शर्टांचा नुसता चिखल दिसत होता, आणि तिला कळलं, की आपण एक अक्षर जरी बोललो तरी उद्या सकाळी सगळे पुन्हा वळून अबोलीकडेच बघतील. दादांना काही होणार नाही. अबोलीलाच होईल.

"मी उद्यापासून कामाला येणार नाही," ती म्हणाली. "एवढंच सांगायचं होतं."

दादांनी माइक अलगद काढून घेतला. "बघा, आमची थोरली. अजून तशीच मस्करी करते," ते म्हणाले, आणि हॉल खदखदून हसला. मग टाळ्या वाजवू लागला.

ती सत्काराची भेटवस्तू टेबलावर ठेवून मागच्या दाराने बाहेर पडली.

अबोली बसस्टॉपच्या बाकावर बसली होती. निळ्या टी-शर्टवर तिने ओढणी लपेटून घेतली होती. थोरली बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"टाळ्या इथपर्यंत ऐकू आल्या," अबोली समोर बघत म्हणाली. "दुसऱ्यांदा कशाच्या होत्या?"

"माझ्या राजीनाम्याच्या. त्यांना विनोद वाटला."

अबोली हसली नाही. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, मग बराच वेळ काहीच गेलं नाही.

"माझं चुकलं," थोरली म्हणाली. "मी त्याला अजून त्या टायरच्या दुकानावरचाच समजत होते."

"हो," अबोली म्हणाली. चुकलं नाही, असं ती म्हणाली नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई आता फोनवर बोलत नाही. मला का नाही सांगितलंस, एवढंच विचारते आणि ठेवते." मग ओढणीचं टोक घट्ट धरून म्हणाली, "तुम्ही सुटलात, ताई. मला उद्या पहिल्या पाळीला जायचंय."

बस आली. अबोली उठली, दांडीला धरून हळूहळू वर चढली आणि खिडकीजवळ जाऊन बसली. तिने बाहेर बघितलं नाही. कंडक्टर दारात थांबून थोरलीकडे बघत होता, येताय ना, म्हणून.

ती बस थोरलीच्याही घरावरून जायची. तिने मान हलवून त्याला जायला सांगितलं, आणि बाकावर बसून राहिली.