हललेला फोटो

आमच्या स्टुडिओच्या पुढच्या खोलीला एकच खिडकी आहे, आणि सकाळी तिच्यातून येणाऱ्या उजेडाला कसलीही घाई नसते. आधी तो काचेच्या वरच्या कोपऱ्यात नुसता फिकटपणा होऊन थांबतो. त्याला उजेड म्हणावे की विरत चाललेला अंधार, हे सांगता येत नाही. मग तो काचेवरच्या जुन्या ओरखड्यांत शिरतो, एकेक ओरखडा पांढऱ्या दोऱ्यासारखा उजळतो, आणि त्यानंतरच खाली कठड्यावर उतरतो. कठड्याचा रंग ठिकठिकाणी उडाला आहे. उडाला तिथे लाकूड दिसते, उरला तिथे पापुद्रे, आणि त्या वेळी प्रत्येक पापुद्र्याला स्वतःची इवलीशी सावली असते. तिथून उजेड फरशीवर येतो, गिऱ्हाईक बसते त्या स्टुलाचा एकच पाय उजळवतो, आणि मागच्या राखाडी पडद्यापाशी पोचेपर्यंत दमून जातो. धूळ त्यात तरंगत नाही, टांगलेली असते. दुकान उघडण्याआधीचा हा वेळ माझा. या उजेडात कुणी माणूस नसतो, म्हणूनच तो मला आवडतो.

माणसे आली की खोलीला वास येऊ लागतो. ओळखपत्राच्या फोटोसाठी आम्ही एक काळा कोट ठेवला आहे. ज्याच्याकडे कोट नसेल त्याने तो अंगावर चढवायचा, फोटो झाला की काढून खुंटीला अडकवायचा. तो कितीदा धुतला तरी कॉलरच्या आतल्या बाजूला अनेक मानांच्या घामाचा एक तेलकट पट्टा राहतोच. आरशाखालच्या कंगव्यात तीन-चार जणांचे केस एकमेकांत गुंतलेले असतात. तो कंगवा मी चिमटीत धरून धुतो, आणि नंतर हात धुतो, आणि तरी बोटांवर काहीतरी उरल्यासारखे वाटते.

माझे काम मागच्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर. बाबा फोटो काढतात, मी चेहरे स्वच्छ करतो. नाकाच्या कडेचे काळे ठिपके, पिकत आलेल्या पुटकुळ्या, दातांवरचा पिवळेपणा, ओठांच्या कोपऱ्यात वाळलेली थुंकी. चेहरा एवढा मोठा करून पाहावा लागतो की तो चेहरा राहत नाही. छिद्रांनी भरलेले, चकाकणारे, ओलसर असे काहीतरी उरते, आणि त्यावरून माझे बोट दिवसभर सरकत राहते. कधी कधी जेवताना समोर बसलेल्या ताईच्या हनुवटीकडे माझे लक्ष जाते आणि घास तोंडात फिरत राहतो.

तरीही कॉम्प्युटरच्या पडद्यावरची माणसे मला सोसवतात, कारण ती बोलत नाहीत. पुढच्या खोलीत जाऊन एखाद्या जित्याजागत्या माणसाला ‘हनुवटी जरा वर घ्या’ असे म्हणायचे, त्याच्या श्वासाच्या अंतरावर उभे राहून त्याचा खांदा वळवायचा, हे माझ्याने होणे नाही. ताई पुढचे टेबल सांभाळते. ती मला घुम्या म्हणते, आणि त्यात तिचे काही चुकते असे नाही.

बाबांची पद्धत वेगळी होती. त्यांना फ्लॅशचा तिटकारा. फ्लॅश म्हणजे चेहऱ्यावर मारलेली थप्पड, असे ते म्हणत. ते गिऱ्हाइकाला खिडकीशेजारी बसवत, दुसऱ्या बाजूला उजेड परतवणारा पांढरा पुठ्ठा धरायला ताईला उभी करत, आणि कॅमेरा हातात घेऊन गप्पा मारत त्याच्याभोवती फिरत. ट्रायपॉडही त्यांना चालत नसे. कॅमेरा तीन पायांवर ठेवला की समोरच्या माणसाचा पुतळा होतो, हे त्यांचे ठरलेले वाक्य. लोक लांबून आमच्याकडे येत ते या खिडकीच्या फोटोंसाठीच.

पण गेले काही महिने फोटो हलत होते. पापणीला दुसरी पापणी, ओठाला दुसरा ओठ. जेवढे शक्य तेवढे मी मागच्या खोलीत निस्तरत होतो. बाबा म्हणाले, कॅमेरा म्हातारा झाला. मी लगेच मान डोलावली. आता नवा घ्यायचा, आतला आरसा काढून टाकलेला, मिररलेस, हे ठरले. कोणता, हे ठरवायचे काम माझ्याकडे आले, कारण तेवढ्यासाठी कुणाशी बोलावे लागणार नव्हते. ताईने मात्र भाजी निवडावी इतक्या सहजपणे विचारले, “कॅमेरा धरणार कोण, ते आधी ठरवायला नको का?”

बाबा तिच्याकडे न पाहता म्हणाले, “इतकी वर्षं कोण धरतंय?”

  बाबांनी कॅमेरा खाली ठेवला तर तो उचलणारा या घरात दुसरा कुणी नव्हता, हे तिघांनाही ठाऊक होते. ताईला पुढचे टेबल होते, पांढरा पुठ्ठा होता. उरलो मी.

मग मी तुलना करू लागलो. व्यावसायिकांसाठीचा एक, नवशिक्यांसाठीचा एक. रात्रंदिवस मी त्या माणसांचे व्हिडिओ पाहिले, जे खोक्यातून कॅमेरा बाहेर काढताना त्याच्या अंगावरून लाडाने बोटे फिरवतात, बटणे कानाशी नेऊन त्यांचा आवाज ऐकवतात, आणि काढून काढून फोटो काढतात ते विटांच्या भिंतीचे. ती भिंत शंभर पट मोठी करून तिच्या कोपऱ्यातली वीट किती रेखीव आली, यावर ते तासभर बोलतात. मला त्यांचा वीट आला, आणि मी पाहतच राहिलो. एखादी जखम खाजवावी तसे. नवशिक्यांचा कॅमेरा हलका, प्लास्टिकचा, हातात घेतला की खेळणे वाटावे असा. त्याच्यात हाताचा हादरा आवरण्याची सोय नाही. व्यावसायिकाचा वजनदार, त्याच्यात ती सोय आहे. सगळा निर्णय माझ्या मते या एका सोयीवर येऊन ठेपला होता.

कॅमेऱ्यांच्या दुकानदाराने दोन्ही कॅमेरे घरी वापरून पाहायला दिले. त्यांची पकड असंख्य हातांनी तेलकट झाली होती. मी ती स्पिरिटने पुसली, आणि कापसावर जे काळे आले ते पाहून मला शिसारी आली. बाबांनी ताईला खिडकीशी बसवले. एरवी जो पुठ्ठा ती धरते तो मी धरला, तोही तिच्याकडे न पाहता. आधी छोट्या कॅमेऱ्याने, मग मोठ्याने, बाबांनी मनापासून फोटो काढले. कॅमेऱ्याचा पट्टा त्यांनी मनगटाला दोन वेढे देऊन आवळला होता आणि दोन्ही कोपरे छातीशी घट्ट दाबून धरली होती. पूर्वी ते असे उभे राहत नसत.

मागच्या खोलीत जाऊन मी फोटो मोठे केले. छोट्या कॅमेऱ्यातले हललेले होते. ते मी धरूनच चाललो होतो, त्याच्यात ती सोय नव्हती. मोठ्यातलेही हललेले होते. ताईच्या डोळ्याभोवती दुसरा, पुसट डोळा. मला त्या यंत्राचा इतका संताप आला की आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाकडे तक्रार घेऊन जायला निघालो.

दुकानदार नखाने दात कोरत होता. त्याच नखाने त्याने कॅमेऱ्याचे बटण दाबले, मला काचेच्या कपाटाशी उभे केले, आणि एका हाताने, दुसऱ्या हातात फोन असताना, माझा फोटो काढला. दुकानात आमच्या खिडकीपेक्षाही कमी उजेड होता. मग त्याने तो फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला. माझ्या नाकाच्या कडेचे ठिपके. कपाळावरची पुटकुळी, तिचे पांढरे टोक. हनुवटीवर चुकून राहिलेला एक केस, मुळाशी वळलेला. सगळे एखाद्या नकाशासारखे रेखीव. रोज मी दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरून जे खरवडून काढतो ते सगळे माझ्याही चेहऱ्यावर होते, आणि ते पुसायला तिथे कुणी नव्हते.

“कॅमेऱ्यात काही नाही,” तो म्हणाला. “घरी फोटो कुणी काढले?”

 मग मी म्हणालो, “मी.”

तो हसला. त्याला वाईट वाटायचे काही कारण नव्हते, म्हणून मनमोकळे हसला. म्हणाला, “मग साहेब, मोठा घेऊन काय करणार? तुमचा हातच स्थिर नाही. छोटा न्या नि घरच्या वाढदिवसांचे फोटो काढा. एवढा महाग गळ्यात कशाला बांधून घेता?”

मी दोन्ही कॅमेरे पिशवीत घालून बाहेर पडलो. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याची मला किळस येत होती, आणि माझ्या स्वतःच्या चेहऱ्याची सर्वांत जास्त, कारण तो माझ्याबरोबर येत होता. घरी पोचेपर्यंत मी दुकानदाराला खोटे पाडायचे ठरवले होते. लेन्समध्ये दोष असेल. आतला सेन्सर सैल असेल. कुणाचाही हात न लागू देता फोटो काढायचा, आणि तो हललेला निघाला की त्याच्या तोंडावर नेऊन मारायचा.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी मी मोठा कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, खिडकीकडे रोखला, आणि बटण दाबल्यावर काही क्षणांनी आपोआप फोटो निघेल असे लावले. उजेड काचेच्या ओरखड्यांत शिरला होता, कठड्यावर उतरत होता. एवढ्यात बाबा चहाचे दोन कप घेऊन आले. अलीकडे ते कप अर्धेच भरतात. विचारले तर साखर कमी केली आहे म्हणतात, जणू त्याचा याच्याशी काही संबंध असावा. तरीही बशीत चहा सांडला होता. त्यांनी कप टेबलावर ठेवले, खिडकीशी येऊन उभे राहिले, आणि एक हात कठड्यावर टेकवला.

“सरकू का?” त्यांनी विचारले.

मी नको म्हणालो. उजेडात माणूस आल्यावर मला नेहमी त्रास होतो. त्या दिवशी का झाला नाही, कुणास ठाऊक. मी बटण दाबले आणि मागे सरलो.

“काय ठरलं मग? मोठा का छोटा?”

“बघतोय अजून.”

बाहेर पाहत ते म्हणाले, “मोठाच घे. जड आहे, पण तुला पेलेल.”

शटरचा आवाज झाला. बाबांनी मला कधी नव्हे ते ‘तुला’ म्हटले होते, ‘आपल्याला’ म्हटले नव्हते. मी ते ऐकले नाही असे दाखवून कॅमेऱ्यातले कार्ड काढले आणि मागच्या खोलीत गेलो.

फोटो मी वरच्या कोपऱ्यापासून पाहायला घेतला, त्या व्हिडिओतल्या माणसांसारखा, एकेक इंच सरकवत. काचेवरचा ओरखडा न् ओरखडा स्पष्ट होता. कठड्याचे पापुद्रे आणि त्यांच्या सावल्या स्पष्ट होत्या. बाबांच्या सदऱ्याच्या बाहीची वीण, तिच्या काठावर निसटलेला एक धागा, मनगटावरचा पिकलेला केस, सगळे इतके लख्ख की जवळून पाहवत नव्हते. त्यापुढे बोटे होती. बोटांभोवती आणखी बोटे होती, धुरकट, एकमेकांवर पडलेली, जणू पाण्याखाली ठेवलेली. अंगठा तर अंगठा म्हणून ओळखूही येत नव्हता.

मी छोटा कॅमेरा आणला. बाबा अजून तिथेच उभे होते, हात तिथेच होता. मी तो ट्रायपॉडवर चढवला, बटण दाबले, पुन्हा मागे आलो. ओरखडे स्पष्ट. पापुद्रे स्पष्ट. धागा जरा कमी स्पष्ट, कारण हा स्वस्तातला कॅमेरा. बोटे तशीच.

सवयीने माझा हात ती बोटे नीट करायला माऊसकडे गेला. पुढच्या खोलीत ताईने दुकानाचे शटर वर केले, आणि पहिले गिऱ्हाईक कोट मागताना ऐकू आले. दोन्ही कॅमेरे चांगले होते. बाबांचा हात थरथरत होता.