मगर झालेली होडी

"हात लावून तर बघ तिला, गुणाजी. मग मी तुजी आय नाय नि तू माजा पोर नाय."

ही मनुबाई. लुगडं वर खोचून गुडघाभर चिखलात उभी आहे. तिच्यासमोर तिचा थोरला, गुणाजी. त्याच्या हातात कुऱ्हाड आहे. आणि दोघांच्या मध्ये मी.

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो. जुनी आणि पालथी. ठाण्याच्या खाडीत, चेंदणीच्या कोळीवाड्याखाली, तिवरांच्या झाडीत पडलेय. माझ्या पाठीवर अजून थोडं गोणपाट चिकटलेलं आहे आणि तोंडाशी मगरीच्या जबड्याची फळी लोंबतेय. लोक मला मगरच म्हणतात. म्हणू देत. होडीला राग येत नाही असं वाटत असेल तर ते चुकीचं आहे. मला खूप राग येतो. बोलता येत नाही म्हणून गप्प असते, एवढंच.

हे दोघं भांडतायत तोवर माझं सगळं सांगून टाकते. भरती यायला अजून वेळ आहे.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी मनुबाईच्या नवऱ्याने सुतार बसवून मला बांधून घेतलं. सागाच्या फळ्या, मध्ये काथ्या ठासून वर डांबर. पहिल्यांदा पाण्यात लोटलं तेव्हा मनुबाईने माझ्या नाळेला, म्हणजे माझ्या टोकाला, हळदकुंकू लावलं. तो गेला तापाने, पण तिने ते कधी चुकवलं नाही. नारळी पौर्णिमेला खाडीत नारळ सोडला की आधी मला हळद, मग पोरांना जेवण. माझ्यावर चप्पल घालून कुणी चढलेलं तिला खपायचं नाही. एकदा एक शेठ बूट घालून चढलेला, त्याला तिने असा काही झापला की तो बूट हातात घेऊन उतरला.

मला वल्हवायचे दोघं. गुणाजी आणि त्याचा धाकटा भाऊ नामा. गुणाजी गप्प गडी. नामा म्हणजे तोंडाचा पट्टा. आम्ही बोय पकडायचो. बोय मासा भित्रा. जाळं लावायचं आणि होडीच्या फळीवर ठोकायचं, ठक, ठकठक. मग समोरच्या होडीने तसंच ठोकून जबाब द्यायचा. मासा दोन आवाजांच्या मध्ये बिथरतो आणि सरळ जाळ्यात जातो. आमच्या खाडीत हा नियमच. कुणी ठोकलं की जबाब द्यायचा. जबाब दिला नाही तर तो माणूस आळशी किंवा भांडणातला. नामासारखं कुणी ठोकायचं नाही. तो वाजवायला लागला की काठावरची बायामाणसंसुद्धा टोपल्या बडवायची.

मग ती सिनेमावाली मंडळी आली.

सिनेमा असा होता की दलदलीत एक मगर असते, ती गावातली माणसं एकेक करून खाते. मगर कुठून आणायची? नौपाड्याचे श्रीपादराव म्हणून एक चित्रकार होते, चष्मेवाले, धोतर सांभाळत चिखलात फिरायचे. त्यांनी मला काठावर पाहिलं आणि म्हणाले, ही पालथी घातली तर हिची पाठ अगदी मगरीसारखी दिसेल.

मनुबाई पेटलीच. डांबर लावायला होडी पालथी घालतात, बाकी धडधाकट होडी कोणी पालथी घालत नाही, ते मेल्याघरचं लक्षण आहे, असं ती म्हणाली. गुणाजी पण नकोच म्हणत होता. पण नामाला सिनेमाचं वेड. कल्याणपर्यंत चालत जाऊन सिनेमा बघायचा तो. आत बसून दोरी ओढून मगरीचा जबडा हलवायचं काम त्याने मागून घेतलं.

"आये, अख्खा ठाणा मला बघेल."

"तू आत बसणार मुडद्या, तुला कोण बघतंय?"

"मगरीला तोंड हाय ना? तेच माजा तोंड समज. तसा पण ते तुज्यासारखा दिसतंय."

मनुबाई हसली. तिथेच ती हरली.

श्रीपादरावांनी मला गोणपाट, काथ्या, डांबर चढवलं. सोड्याच्या बाटल्यांची बुडं फोडून डोळे केले. पाठ पाण्यावर फक्त थोडीशी दिसायला हवी होती, म्हणून मला दोरांनी खुंटांना आवळलं आणि कडेला दगड बांधले. श्रीपादराव म्हणाले, नामा, मागे एक झडप ठेवू या, अडचण आली तर बाहेर यायला. नामा त्यांना हसला. खाडीत जन्मलेल्या माणसाला दार कशाला, होडीच्या काठाखालून बुडी मारून येईन, म्हणाला. काठावरचे सगळे कोळी पण हसले. श्रीपादराव बिचारे ओशाळले. झडप राहून गेली.

पहिले काही दिवस मजा होती. मी जबडा उघडायची, बायका किंचाळायच्या. नौपाड्यातून, शाळांतून पोरं बघायला यायची. डायरेक्टर साहेब माझी पाठ थोपटून म्हणाले, ही माझी हिरॉइन. खोटं कशाला बोलू, मला आवडलं ते.

शेवटचा सीन दुपारचा होता. मगर नायकाच्या बापाला ओढून नेते. भरती लागलेली. पाणी चढतंय तेच साहेबांना हवं होतं, चित्र छान येतं म्हणे. आवाज ते नंतर स्टुडिओत भरणार होते, म्हणून काठावर कितीही दंगा चालायचा. अख्खा कोळीवाडा होड्या घेऊन बघायला आलेला.

पाणी माझ्या आत चढलं. नामाच्या छातीपर्यंत आलं. त्याने बुडी मारून काठाखालून निघायचं बघितलं. पण दगडांच्या वजनाने माझा काठ गाळात रुतलेला. त्याने हाताने गाळ उकरला. गाळ परत भरला. पाय पण धरले गाळाने. तो ओरडला, पण ते बाहेर कुणाला ऐकू जाणार? मग त्याने जबड्याची दोरी ओढली. परत परत ओढली. माझा जबडा असा आपटायला लागला की कॅमेऱ्याच्या मागून साहेब ओरडले, शाब्बास, अजून, अजून.

मग नामाने फळीवर ठोकलं.

ठक, ठकठक.

मित्रांनो, मी सगळं ऐकलं. आतून पण आणि बाहेरून पण. बाहेर पहिला हसला गुणाजी. "ऐकताव काय? मगर बोय मारतेय." आणि त्याने वल्हं उचलून ज्या होडीत उभा होता तिच्या फळीवर जबाब दिला. ठक, ठकठक. मग दुसऱ्या होडीने. मग सगळ्यांनी. टोपल्या, डबे, वल्ही, सगळी खाडी वाजायला लागली. आत नामा जोरात ठोकायचा, बाहेर ते त्याहून जोरात जबाब द्यायचे. कुणी वाईट नव्हतं हो त्यांच्यात. नियम पाळत होते.

आधी नामा थांबला. त्याच्यानंतर बराच वेळ ते वाजवत होते.

सीन संपूनही तो बाहेर येईना, मग त्यांनी दोर कापून मला उचललं, तेव्हा त्याची बोटं माझ्या फळीवर होती. त्यावर मी जास्त बोलणार नाही.

सिनेमा पुरा झाला. तो सीन त्यांनी ठेवला, कारण जबडा तसा परत कुणाला हलवता आला नसता. कल्याणला लागला तेव्हा लोक त्या सीनला शिट्ट्या मारायचे असं ऐकलं. रविवारी लोक मला बघायला यायचे, हीच ती, हीच ती करत. पोरं दगड मारायची. एकाने डोळा काढून नेला. मग दुसरा सिनेमा आला आणि लोक यायचे बंद झाले. गुणाजी दुसऱ्याच्या होडीवर कामाला जायला लागला. मला कुणी सुलटी केली नाही. माझ्या पोटात चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, राहायला आल्या.

मनुबाईने हट्ट धरला तो सिनेमा बघायचा. गुणाजी नको नको म्हणत घेऊन गेला. परत आल्यावर ती थेट माझ्यापाशी आली. म्हणाली,

"जबडा हलतंय. मग त्याची ठकठक कुटं गेली? तिथं त्यांनी ढोल भरलाय."

आणि तिने माझ्या फळीला कान लावला आणि ठोकलं.

तेव्हापासून ती रोज भरतीला येते. पाणी कमरेला येतं तोवर ठोकते आणि जबाबाची वाट बघते. दोनदा वाहून जाता जाता वाचली. म्हणून आज गुणाजी कुऱ्हाड घेऊन आलाय. होडी गेली तर आय वाचेल असं त्याला वाटतं.

तर आता बघा, भांडण थांबलंय. मनुबाई थकून खाली बसलीये, चिखलातच.

"एकदा वाजवू दे," म्हणाली. "मग तोड."

तिने ठोकलं. ठक, ठकठक. माझ्या पोटात एक चिंबोरी हलली आणि गप्प झाली. बाकी काही नाही. गुणाजीने तोंड फिरवलं. मग कुऱ्हाड उचलून पहिला घाव घातला.

ठक.

मनुबाईची मान एकदम वर झाली.

"ऐक रे गुणाजी. जबाब देतंय तो."

गुणाजीचा हात थांबला. पाणी त्याच्या पोटरीला लागलेलं. तो आईकडे बघत राहिला आणि मग परत घाव घातला. थांबला तर नामा परत गप्प झाला असं तिला वाटेल, हे त्याला कळलंय. तो रडतोय, घाव घालतोय, आणि ती प्रत्येक घावाला मान डोलावतेय, हाताने चिखलावर ताल धरतेय.

मित्रांनो, मला तुमच्याकडून डांबर नको, हळद नको. फक्त कधी आतून कुणी ठोकलं तर जबाब देऊ नका. आधी उचला. मग काय हसायचं ते हसा.

नाळेची फळी सुटली माझी. पाणी खालून आलं, ती तरंगायला लागलीये. मनुबाई तिच्याकडे बघतेय. तिने बघू नये, तिच्यामागे पाण्यात जाऊ नये असं वाटतं मला.

चला, मला निघायला हवं.