कुसुमच्या पश्चात

परिसरवार्ता दर सोमवारी दुपारी सगळ्या प्राध्यापकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या मेलवर जाते. कुठल्या इमारतीत पाणी येणार नाही, गाड्या कुठे लावू नयेत, कुणाचं संशोधन कुठे छापून आलं, कोण निवृत्त झालं, कोण वारलं, सगळं त्यात असतं. लोक मात्र ती खालून वर वाचतात. आधी निधन, मग निवृत्ती, मग सुट्ट्या. कुलगुरूंचं मनोगत वाचणारा माणूस रत्नागिरीच्या कातळसड्यावरच्या या विद्यापीठात अजून कुणी पाहिलेला नाही.

ही वार्ता राजश्री लिमये लिहायची. जनसंपर्क कक्षात तिचं एकटीचं राज्य होतं आणि विशेषणांशी तिचं हाडवैर. कुणी ‘दुःखद निधन’ असं लिहून पाठवलं की ती ‘दुःखद’ छाटायची. निधन सुखद असतं का, असं वर विचारायची. निधनाच्या बातमीतलं शेवटचं वाक्य तर तिने शिलालेखासारखं पक्कं करून टाकलं होतं. ‘त्यांच्या पश्चात अमुक अमुक असा परिवार आहे.’ त्या अमुकमध्ये आईवडील, नवरा किंवा बायको, मुलं, भावंडं आणि त्यांची मुलंबाळं, बस्स. एका निवृत्त प्राध्यापकांनी आपल्या वारलेल्या मित्राच्या बातमीत ‘जिवलग मित्र’ म्हणून स्वतःचं नाव घालायचा हट्ट धरला, तेव्हा तिने त्यांना तोंडावर सांगितलं होतं, “सर, ही बातमी आहे, लग्नपत्रिका नव्हे.” ते बिचारे निघून गेले होते.

आणि आता ग्रंथपाल कुसुम पाष्टे वारली होती.

कुसुम आणि राजश्री एका घरात राहायच्या. कुसुम लांज्याकडच्या गावातून नोकरीला आली तेव्हा खोली मिळेपर्यंत म्हणून राजश्रीकडे उतरली. खोली काही मिळाली नाही, आणि पुढे पुढे कुणी शोधलीही नाही. दोघींची लग्नं झाली नाहीत. का झाली नाहीत हे विचारायचे दिवस उलटून गेले, तसं लोकांनी विचारणंही सोडलं. विद्यापीठात त्यांना ‘लिमये-पाष्टे’ असं एका दमात म्हणत. पूजेचं बोलावणं एकच यायचं आणि अहेरही एकच जायचा.

कुसुमला मासळीशिवाय घास उतरत नसे. राजश्रीने जन्मात मासा तोंडात घातलेला नव्हता. तरी गुडघे धरल्यापासून कुसुमला मिरकरवाडा बंदराची चढउतार जमेना, म्हणून रविवारी राजश्रीच जेटीवर जायची. नाकाला पदर लावून बांगड्याचे कल्ले उलटून बघायची, ताजा नसेल तर कोळणीशी हुज्जत घालायची. कोळणी तिला हसायच्या आणि चांगला माल तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायच्या. कुसुम मागच्या दारी वेगळ्या चुलीवर तो तळायची, आणि राजश्री दार लोटून घेऊन आत बसल्या बसल्या ओरडायची, “जळतोय गं!” न खाता तिला तेवढं कळायला लागलं होतं.

मग एका सकाळी ग्रंथालयात कुसुमच्या डोक्यात कळ आली. ती खुर्चीतच कलंडली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. लोटे इथल्या कारखान्यातून तिचा भाचा स्वरूप धावत आला. प्रेत गावाला नेलं. गाडीत राजश्री तिच्या पायांशी बसली होती.

गावात सगळं रीतसर झालं. स्वरूपने अग्नी दिला. बायकांत बसलेली एक म्हातारी राजश्रीकडे बोट करून म्हणाली, “ह्या कोन वो?” कुसुमची भावजय गोदा म्हणाली, “कुसुमच्या बाई.” म्हातारीचं समाधान झालं की नाही कोण जाणे. राजश्रीला मात्र वाटलं, आपल्याला शाळामास्तरीण करून ठेवलं. तशी ही माणसं तिला पहिल्यापासून बाईच म्हणत आली होती, पण त्या दिवशी तो शब्द तिला टोचला.

अंधार पडायच्या आत गोदानेच तिला उठवलं. “तुमी जावा आता. तुमाला काय सुतक नाय. पालीला उतरून चा घ्या, कायतरी खावा.”

तुम्हाला सुतक नाही. एसटीत बसल्यावर राजश्रीच्या डोक्यात तेवढंच फिरत राहिलं. भावाला सुतक, भावजयीला सुतक, आत्याला वर्षातून दोनदा भेटणाऱ्या भाच्याला सुतक. आणि जिने तिच्यासाठी बांगडे उलटेपालटे केले तिला नाही. ती ब्राह्मणाची, कुसुम कुणब्याची, दोघींचं रक्ताचं काही नाही. तेव्हा शास्त्राप्रमाणे गोदा बरोबरच होती. राजश्रीचं आयुष्य नियमात गेलेलं. नियम बरोबर असला की तिला भांडता येत नसे. पालीचा थांबा आला आणि गेला, ती उतरली नाही.

सुतक नाही म्हटल्यावर घरी बसायला कारण काय? सोमवारी ती कामावर हजर झाली. उपकुलसचिव सलिल पटवर्धन भला माणूस. तो तिच्या दाराशी घुटमळला.

“मॅडम, रजा घ्यायची होतीत.”

“कशाची घेऊ? कारण काय लिहू?”

“निदान या वेळची बातमी मी लिहितो,” तो म्हणाला.

“नको. तुम्ही ‘दुःखद’ घालाल.”

हे ती हसून म्हणाली, त्यामुळे तो जास्तच खजील होऊन गेला.

बातमीचा पहिला भाग झरझर उतरला. ग्रंथपाल कुसुम पाष्टे यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. ग्रंथालयाचे संगणकीकरण त्यांच्या कारकिर्दीत पूर्ण झाले. विद्यार्थ्यांना हवे ते पुस्तक शोधून देण्यासाठी त्या परिचित होत्या. ‘परिचित’वर राजश्री थोडी अडली. कुसुम परिचित होती! वा! पण शब्द नियमात बसत होता, तिने राहू दिला. मग तिने लिहिलं, ‘त्यांच्या पश्चात भाऊ, भावजय, भाचा असा परिवार आहे.’

वाक्य पुरं झालं. व्याकरणात चूक नव्हती, माहितीत चूक नव्हती. ती त्याच्याकडे बघत बसली. त्या वाक्यात आपण असावं असं तिला इतकं वाटत होतं की त्याची तिला लाजच वाटली. काय म्हणून घालायचं? मैत्रीण? मैत्रिणी ग्रंथालयातल्या सगळ्याजणी होत्या. सहकारी? सहकारी तर सलिल पटवर्धनही होता. आणि त्या प्राध्यापकांना आपण काय ऐकवलं होतं! आता स्वतःची वेळ आल्यावर नियम वाकवायचा, हे तिच्याने होण्यासारखं नव्हतं. ती जागा आपली नाही असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

बातमी पाठवण्याआधी घरच्यांना वाचून दाखवायची, हाही तिचाच दंडक. तिने स्वरूपला फोन लावला. तो अजून गावीच होता.

“बाई, मला त्यातलं काय कळणार? आईला देतो,” तो म्हणाला, आणि फोन गोदाकडे गेला.

राजश्रीने बातमी वाचली. सावकाश, बातमी वाचावी तशी. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

“परत वाचा ता मागचा,” गोदा म्हणाली.

“त्यांच्या पश्चात भाऊ, भावजय, भाचा असा परिवार आहे.”

“ही तर आमी झालो वो. तिची मानसा कुटं हायत?”

“तिची म्हणजे?”

“मंजे तुमी! तुमी कुटं हाव ह्याच्यात?”

“वहिनी, नात्याला काहीतरी शब्द लागतो,” राजश्री म्हणाली. “मला तर सुतकही नाही.”

गोदाचा सूर चढला.

“अवो बाई, सुतकाच्या घरात पान्याचा घोट घेतलाव नसतात तुमी. सकाळपासून पोटात काय नवता तुमच्या, मी बगत हुते. पालीला तरी खाल म्हनून सुतक नाय बोलले मी. तुमी ता धरूनच बसलाव? येवडी शिकलेली बाय तुमी!” तिचा आवाज फुटला. “आमी तुमाला बाई बाई करत रायलो. दुसरा काय म्हनायचा ता आमाला कंदी सुचला नाय. आता तुमालापन सुचत नाय म्हनताव. मगे नुसता नाव घाला. नाव तर हाय ना तुमाला?”

“हो,” राजश्री म्हणाली.

“आनि बाराव्याला पावन्यासारका जेवायच्या टायमाला येऊ नका. पावनी येतात त्या दिवशी. घरची आदल्या दिसाला येतात. कामा पडलीत ढीगभर, माज्या एकटीच्यान होनार नायत. भाकऱ्या येत नायत तुमाला, ठाव हाय मला. नारळ खवा.”

फोन ठेवल्यावर राजश्रीला गोदाचा रागही आला आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. ही बाई आपल्याला ओरडली, म्हणजे परक्या माणसाशी बोलावं तशी बोलली नाही, हे तिला हळूहळू उमगत गेलं आणि बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

मग तिने वाक्य पुन्हा हाती घेतलं. ‘त्यांच्या पश्चात’ इथे थांबली, आणि पुढे टाइप केलं, ‘राजश्री लिमये’. नातं लिहिलं नाही. त्यामागे भाऊ, भावजय, भाचा. ‘असा परिवार आहे.’ नियमाला धरून नव्हतं, पण खरं होतं, आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांनी ते मान्य केलेलं होतं.

तपासायचं म्हणून तिने ते मनात वाचलं. असली शेकडो वाक्यं तिने लिहिली होती. भाऊ, बहिणी, विधवा, विधुर, मुलं सगळ्यांना तिने त्या शब्दापुढे ओळीत उभं केलं होतं, आणि ‘पश्चात’ हा शब्द तिने कधी वाचलाच नव्हता. तो नेहमीच तिथे असायचा, म्हणून डोळा त्याच्यावरून सरकून पुढे जायचा. आज त्याच्यापुढे तिचं नाव होतं. जागा हवी म्हणून ती झुरत होती, आणि ती जागा कसली आहे हे तिला आता कळलं. कुसुम संपल्यानंतरची होती ती. तिथे एकदा नाव लागलं की रविवारी जेटीवर जायला कारण नव्हतं, मागच्या दाराकडे तोंड करून ओरडायला कारण नव्हतं. दवाखान्यात, गाडीत, स्मशानाच्या वाटेवर, कुठेच तिला हे पटलं नव्हतं. डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या चार शब्दांनी पटलं.

तिने बातमी पाठवून दिली. मग दाराला आतून कडी घातली, खुर्चीत परत येऊन बसली, आणि राजश्री लिमये कुसुमसाठी पहिल्यांदा रडली. मोठ्याने, बाहेर ऐकू जाईल याची पर्वा न करता रडली.