दाताखालचा दाणा

साखरा गावातल्या विश्वंभरच्या घरी तीन वर्षं जेवणाच्या वेळी एकच दृश्य असे. सगळे भाकरी तोडून खात आणि त्याची माय सखुबाई दुधात कुस्करून गिळत. दाढा एकेक करून पडल्या होत्या. "वयच झालं माय आता," असं म्हणून विश्वंभर मोकळा व्हायचा. आपल्यातले कितीजण असेच मोकळे होतो!

पण त्या दाढांवर आळीतल्या बायकांचा भरवसा होता. ज्वारीचं बी साठवण्याआधी त्या मूठभर दाणे सखुबाईंकडे आणत. सखुबाई एक दाणा दाढेखाली धरत. कट्‌कन फुटला तर वाळला, दबला तर आणखी ऊन द्यायचं. त्यांचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता. दाढा गेल्यावर मात्र त्या चावल्याचं नुसतं दाखवत आणि अंदाजानं सांगत.

पेरणीच्या तोंडावर आळीतल्याच निर्मलाबाईंनी कोठी उघडली, तर सखुबाईंनी वाळलं म्हणून सांगितलेल्या बियाण्याला बुरशी! त्या चारचौघींना घेऊन तणतणत आल्या.

"पावसाची ओल लागली असंल," विश्वंभर म्हणाला. "त्यात मायचा काय दोष?"

सखुबाईंनी त्याला हातानंच थांबवलं. "न्हाई निर्मला, चूक माझी हाय. मला दाढाच न्हाईत. सोंग केलं मी. माझ्या घरातलं बी घेऊन जा. अन् इथून पुढं मला कुणी इचारू नका."

चारचौघींसमोर एवढं कबूल करायला केवढं काळीज लागतं! त्या दिवसापासून बायका येईनाशा झाल्या. सखुबाई ओसरीवर एकट्याच मिशरी लावत बसू लागल्या.

विश्वंभरची बायको प्रतिक्षा एका सकाळी त्याच्यासमोर उभी राहिली. "आत्याबाईला हिंगोलीला न्या. जबड्याच्या हाडात पक्के दात बसवतात तिथं. इम्प्लांट म्हणतात त्याला."

"या वयात? काहून तकलीफ द्यायची तिला?"

"अहो, बाजारात बैल घेताना जबडा उघडून एकेक दात बघता तुमी. मायच्या तोंडात कधी बघितलं का?"

विश्वंभरची मान खाली गेली. दुसऱ्याच दिवशी तो मायला घेऊन एसटीत बसला.

डॉक्टर निलमताईंनी तपासण्या करून समजावलं, "आजी, हाडात स्क्रू बसवायचा. हाडानं तो घट्ट धरेपर्यंत काही महिने थांबायचं, मग त्यावर दात. पण तंबाखू असली की जखम नीट भरत नाही. मिशरी सोडावी लागेल."

चाळीस वर्षांची सवय! आता माय उठून चालू लागणार, असं विश्वंभरला वाटलं. सखुबाईंनी कनवटीची डबी काढून टेबलावर ठेवली. "ही तुमीच टाका, बाई."

आणि त्यांनी शब्द पाळला. कधी हात नकळत कनवटीला जाई, तेव्हा त्या उठून अंगण झाडायला घेत. विश्वंभर ते बघायचा आणि मनातल्या मनात मायला हात जोडायचा.

फाल्गुनात नवी ज्वारी घरात आली, तोवर सखुबाईंच्या नव्या दाढाही बसल्या होत्या. निर्मलाबाई मूठ झाकून, संकोचत ओसरीवर आल्या. सखुबाईंनी दाणा नव्या दाढेखाली धरला.

"पहिल्यासारखं कळत न्हाई या दाताला," त्या म्हणाल्या, "पण फुटला तर आवाज बराबर येतो. हा दबला बघ. आणखी दोन दिवस ऊन दे."

"व्हय," निर्मलाबाई म्हणाल्या आणि एक शब्दही न वाढवता ताडपत्री पसरायला गेल्या. विश्वंभरचे डोळे भरून आले.

बंधुभगिनींनो, म्हाताऱ्या माणसाला दात कशाला, असं आपण म्हणतो, कारण आपली भाकरी आपल्याला चावता येते. इम्प्लांट सोसेल की कवळी, ते डॉक्टर सांगतील. पण आज जेवायला बसाल तेव्हा मायच्या ताटाकडे बघा. ती भाकरी चावते आहे की नुसती गिळते आहे?